नाझींनी लुटलेल्या ज्यू घरांतल्या वस्तू आणि त्या परत देणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय निघाला की सगळे चित्रांबद्दलच बोलतात. चित्रं सोडून काय काय गेलं?

अख्खं घर गेलं. चांदीचे काटे-चमचे, शब्बाथच्या (ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या) मेणबत्त्यांचे स्टँड, किद्दुशचा म्हणजे प्रार्थनेच्या वाइनचा पेला, आजीची मोत्यांची माळ, पियानो, व्हायोलिन, शिलाई मशीन, गालिचे, गाद्या-उशा, मुलांची खेळणी आणि पुस्तकं, पुस्तकं तर लाखांनी. चित्रं कोट्यवधींची असतात, कोर्टात केस उभी राहते, लिलाव होतो, पेपरात फोटो येतो त्यामुळे तीच लक्षात राहतात. पण बहुतेक ज्यू कुटुंबं काही भिंतीवर क्लिम्टसारख्या नामवंत चित्रकाराचं चित्र लावून बसलेली नव्हती, डॉक्टर, दुकानदार, मास्तर, कापड व्यापारी अशी साधी मध्यमवर्गीय माणसं होती आणि त्यांच्याकडे पिढीजात म्हणून जे होतं ते हेच, लग्नात आलेली चांदी आणि नाव घातलेली भांडी. त्यामुळे खाली चित्रं येतील पण चमचे जास्त येतील, आधीच सांगून ठेवतो.

म्हणजे घरात घुसून नेलं का?

तसंही नेलं, ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री दुकानं-घरं फोडली, सिनेगॉग जाळले ते सगळ्यांना माहीत असतं. पण खरी मोठी लूट झाली ती टेबलाच्या पलीकडे बसून, फॉर्म भरून घेऊन, शिक्का मारून. एप्रिल १९३८ मध्ये हुकूम निघाला की ज्या ज्यू माणसाकडे ५,००० राइशमार्कच्या (तेव्हाचं जर्मन चलन) वर मालमत्ता असेल त्यानं सगळी यादी करून द्यायची. यादी हातात आल्यावर पुढचं सोपंच. नोव्हेंबरच्या दंगलीनंतर ज्यूंवरच १ अब्ज मार्कांचा दंड लावला, म्हणजे घर ह्यांचं फोडलं आणि दंडही ह्यांनीच भरायचा. देश सोडून जायचं तर वेगळा कर, बरोबर नेऊ दिलेली रोकड फक्त १० मार्क, आणि सामानात काय नेताय त्याची वस्तूगणिक यादी आधी मंजूर करून घ्यायची.

मग आला २१ फेब्रुवारी १९३९ चा हुकूम आणि आपल्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. सोनं, चांदी, प्लॅटिनम, हिरे-माणकं, मोती, सगळं दोन आठवड्यांत सरकारी खरेदी केंद्रात जमा करा. ही केंद्रं म्हणजे बहुतेक ठिकाणी म्युनिसिपालिटीची गहाणाची दुकानं. नंतर मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवली. काय ठेवायला परवानगी होती तेही लिहून दिलेलं: स्वतःची लग्नाची अंगठी, नवरा किंवा बायको वारली असेल तर तिची अंगठी, चांदीचं घड्याळ, माणशी चार नगांचे दोन सेट काटे-चमचे, आणि दातात बसवलेलं सोनं असेल तर ते. दातातलं सोनं ठेवा असं लिहिणारा क्लार्क कोण असेल असं वाचताना मनात येतंच.

पण पैसे दिले, पावती दिली, मग ती विक्रीच झाली की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा दर वेळी वाईट हेतूनं विचारत असतो असंही नाही. चांदी वजनावर घेतली, म्हणजे १८व्या शतकातला नक्षीकाम केलेला पेला असला तरी धातूचा भाव, तोही बाजारापेक्षा कितीतरी खाली, वर हाताळणीचं कमिशन कापून. रक्कम मोठी असली तर हातात न देता अशा खात्यात की ज्यातून काढायला सरकारची परवानगी लागते. आणि नाही विकलं तर शिक्षा. अशा सौद्याला विक्री म्हणायचं असेल तर मग बंदूक लावून घेतलेल्या सहीलाही करार म्हणावं लागेल.

एक चित्राचं उदाहरण देतो कारण त्यात आकडे स्पष्ट आहेत. बर्लिनच्या कॅसिरर घराण्यातल्या लिली कॅसिरर ह्यांच्याकडे कामीय पिसारोचं पॅरिसच्या पावसाळी रस्त्याचं १८९७ चं चित्र होतं. १९३९ मध्ये जर्मनीतून बाहेर पडायचा परवाना हवा तर चित्र द्या असं झालं, किंमत ठरली ९०० मार्क आणि तेही गोठवलेल्या खात्यात, त्यांना कधी काढताच आले नाहीत. दुसरं व्हिएन्नाच्या नोरा स्टियास्नी ह्यांचं. ऑस्ट्रिया हिटलरनं घेतल्यावर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९३८ मध्ये, त्यांना क्लिम्टचं झाडाखालच्या गुलाबांचं चित्र कवडीमोलानं विकावं लागलं आणि १९४२ मध्ये त्यांना पूर्वेकडे पाठवून मारलं. ते चित्र पुढे फ्रान्स सरकारनं १९८० मध्ये पॅरिसच्या ओर्से म्युझियमसाठी विकत घेतलं, कायदेशीर, बिल वगैरे सगळं.

हे फक्त जर्मनी-ऑस्ट्रियात का? फ्रान्स, हॉलंडमध्ये काय झालं?

तिथे १९४२ पासून चक्क फर्निचर मोहीम चालवली, नावच तसं होतं. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमध्ये ज्यांना धरून नेलं किंवा जे पळाले त्यांची सत्तर हजारांच्या आसपास घरं रिकामी केली, त्यातली ३८ हजार एकट्या पॅरिसमधली. सामान जायचं जर्मनीत, बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्यांना. पॅरिसमध्ये लेव्हितान नावाचं ज्यू मालकाचं मोठं फर्निचरचं दुकान होतं ते ताब्यात घेऊन त्यातच कैद्यांची छावणी केली, ज्यू कैदी दिवसभर पेट्या उघडून चादरी एकीकडे, कपबश्या एकीकडे असं लावायचे, आणि काहींना त्यात स्वतःच्या घरातल्या वस्तू सापडल्या. ह्यावर मी अजून काही लिहीत नाही.

युद्ध संपल्यावर लगेच का नाही दिलं परत?

काही दिलं. अमेरिकन सैन्यानं म्यूनिक, वीसबाडेन, ऑफेनबाख इथे गोळा करायची केंद्रं काढली, ऑफेनबाखमध्ये तर नुसती पुस्तकंच ३० लाखांच्या वर. फ्रान्समध्ये साधारण ६० हजार कलावस्तू जर्मनीतून परत आल्या, ४५ हजार मालकांना मिळाल्या, उरलेल्यातल्या १३ हजारांच्या आसपास सरकारनं विकून टाकल्या आणि दोनेक हजार म्युझियममध्ये वेगळ्या शिक्क्यानं ठेवल्या. पण अमेरिकन ताब्यातल्या जर्मनीत दावा लावायची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर १९४८. विचार करा, छावणीतून वाचलेला माणूस, घरचे सगळे गेलेले, अजून निर्वासित कॅम्पमध्ये किंवा ब्राझील नाहीतर शांघायमध्ये, त्यानं १९४८ च्या आत जर्मन ऑफिसात अर्ज टाकायचा की आमचे बारा चमचे द्या. पूर्व जर्मनीत तर १९९० पर्यंत दारच बंद होतं.

आणि वाचवणारेही सगळे धुतल्या तांदळाचे नव्हते. हंगेरीतल्या ज्यूंकडून १९४४ मध्ये दागिने, घड्याळं, अंगठ्या जमा करून घेतल्या, नंतर तो माल रेल्वेत भरून पश्चिमेकडे निघाला आणि १९४५ मध्ये ऑस्ट्रियात अमेरिकन सैन्याच्या हाती लागला, ही ती हंगेरीची सोन्याची ट्रेन. वाटेतच हंगेरियन अधिकाऱ्यांनी घड्याळं एका पेटीत, अंगठ्या दुसऱ्या पेटीत असं प्रकारवार लावताना कोणाचं काय ह्याची नावं काढून टाकली होती. अमेरिकेनं म्हटलं मालक ओळखता येत नाहीत, झालं, काही गालिचे, चिनी मातीची भांडी, चांदी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत गेली आणि बरंचसं विकलं. २००५ मध्ये अमेरिकन सरकारनं २ कोटी ५५ लाख डॉलरला तडजोड केली, पैसे गरजू वाचलेल्यांच्या मदतीसाठी गेले, आपली अंगठी मात्र कोणाच्या हाती आली नाही.

जर्मनीनं एवढी नुकसानभरपाई दिली, मग परत वस्तू कशाला मागतात?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५२ च्या करारानं पश्चिम जर्मनीनं इस्राएलला ३ अब्ज मार्क आणि ज्यू संघटनांच्या क्लेम्स कॉन्फरन्सला ४५ कोटी मार्क कबूल केले, पुढेही बरंच दिलं, ते खरंच आहे. पण ती रक्कम छळाची, आयुष्य उद्ध्वस्त झाल्याची, निर्वासितांच्या पुनर्वसनाची. पेला ज्याच्या कपाटात आहे त्याच्या कपाटातच राहतो. काही जणांना वस्तूबद्दलही पैसे मिळाले, लिली कॅसिररना १९५८ मध्ये चित्राचे १ लाख २० हजार मार्क मिळाले होते कारण तेव्हा चित्र कुठे आहे कोणालाच माहीत नव्हतं. अशा ठिकाणी वस्तू सापडली तर घेतलेले पैसे परत करायचे का हा प्रश्न येतो आणि बऱ्याच तडजोडींत तसं होतं, ते योग्यच आहे.

पुरावा कुठून आणायचा? बिलं काय कोण सांभाळून ठेवणार?

इथेच सगळी गोम आहे. ज्यांचं घरच गेलं त्यांच्याकडून बिल आणि फोटो मागायचे, आणि ज्यांनी लुटलं त्यांच्या फायली मात्र नीट कपाटात. पण ह्याच फायली आज वारसांच्या कामाला येतात, कारण लुटणारे हिशेबाला एवढे पक्के होते की चोरीची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली. बर्लिन आणि आसपासच्या ज्यू माणसांना छावण्यांकडे रवाना करण्यापूर्वी १६ पानांचा फॉर्म भरायला लावायचे, किती खुर्च्या, किती टॉवेल, किती शर्ट. तशा ४० हजारांच्या आसपास फायली आज पॉट्सडामच्या राज्य अभिलेखागारात आहेत.

म्यूनिकचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. तिथल्या बव्हेरियन नॅशनल म्युझियमनं १९३९-४० मध्ये गहाणाच्या दुकानात जमा झालेल्या चांदीतून ३२२ वस्तू निवडून विकत घेतल्या, बाकीचा बहुतेक माल वितळला. युद्धानंतर काही परत गेल्या, शंभराच्या वर तशाच कपाटात राहिल्या, पेले, मेणबत्त्यांचे स्टँड, चमचे, काही फार मौल्यवान नाही. पण त्यांच्यावर गहाणाच्या दुकानाचे पिवळे पडलेले कागदी नंबर चिकटवलेले होते आणि त्या नंबरांवरून जुन्या यादीत नाव सापडतं. मातियास वेनिगर नावाचे तिथले क्युरेटर २०१९ पासून एकेक नाव घेऊन वंशावळ लावतात, नातवंडं-पतवंडं शोधतात आणि वस्तू पोस्टानं न पाठवता स्वतः घेऊन जातात, इस्राएलला, अमेरिकेला. त्या चांदीची किंमत काही हजार युरो असेल नसेल, विमानाचं तिकीट त्याहून महाग पडत असेल काही वेळा, पण अनेक घरांत त्या पणजी-पणज्याची दुसरी एकही वस्तू उरलेली नाही. हंगेरीच्या ट्रेनशी ताडून बघा. तिथे नाव काढून टाकलं आणि सगळं संपलं, इथे बोटाएवढा कागद राहिला आणि ऐंशी वर्षांनी वारस सापडला.

पुस्तकांचं काय? जुन्या पुस्तकाला कोण विचारतंय?

खूप जण विचारतात. बर्लिनच्या शहर ग्रंथालयानं १९४३ मध्ये तिथल्या म्युनिसिपालिटीच्या गहाणाच्या दुकानाकडून ४० हजारांच्या वर पुस्तकं घेतली, सगळी रवाना केलेल्या माणसांच्या घरांतली. आज तिथले लोक पानं उलटून नावं शोधतात, मालकाचं छापील लेबल, बक्षीस म्हणून दिल्याचा मजकूर, "लाडक्या अमक्याला वाढदिवसाला" अशी पेन्सिलची ओळ. अशा एका ओळीवरून कुटुंब लागतं. बाजारात त्या पुस्तकाला दोन युरोही येणार नाहीत.

वॉशिंग्टन तत्त्वं असं सारखं वाचनात येतं, ते काय प्रकरण आहे?

डिसेंबर १९९८ मध्ये वॉशिंग्टनला ४४ देश बसले आणि ११ मुद्दे ठरले: म्युझियमनी आपल्या संग्रहात लुटीचं काय आहे ते शोधा, जाहीर करा, पुरावा थोडा तुटक असला तरी समजून घ्या, न्याय्य तोडगा काढा. बंधनकारक मात्र काहीच नाही. तरी त्यानंतर ऑस्ट्रियानं त्याच वर्षी कायदा केला, ब्रिटन-हॉलंड-जर्मनीत समित्या आल्या. २००९ ला चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझीनचा जाहीरनामा आला, मार्च २०२४ मध्ये आणखी स्पष्ट नियम आले ज्यात छळ चालू असताना ज्यू माणसानं केलेली विक्री मनाविरुद्धचीच धरता येते असं लिहिलंय. पण त्याच सुमाराच्या आढाव्यात दिसलं की निम्म्या देशांनी फार काही केलेलंच नाही. सही करायला काय जातं.

म्युझियमनं प्रामाणिकपणे विकत घेतलं असेल तर त्यांचं नुकसान का?

कायदा कुठला लावता त्यावर आहे. अमेरिकेत साधारण नियम असा की चोराकडून आलेल्या मालावर कोणालाच खरी मालकी मिळत नाही, मध्ये कितीही हात बदलले तरी. युरोपात बऱ्याच देशांत काही वर्षं उघडपणे बाळगलं की वस्तू तुमची होते, आणि जर्मनीत ३० वर्षांनी दावा मुदतबाह्य. कॅसिररांचं चित्र अखेर माद्रिदच्या थिसेन म्युझियममध्ये निघालं, २००५ पासून खटला चालू आहे आणि सगळी लढाई ह्यावरच की कॅलिफोर्नियाचा कायदा लावायचा की स्पेनचा. २०२२ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टात एक फेरी झाली, २०२४ च्या जानेवारीत खालच्या कोर्टानं पुन्हा म्युझियमच्या बाजूनं दिलं, मग कॅलिफोर्नियानं नवा कायदाच केला आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल बाजूला ठेवून पुन्हा विचार करा म्हटलं. आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यांसारखं, मूळ वादी कधीच गेले, आता पुढची पिढी तारखांना. माझं मत विचाराल तर खाजगी माणसाची गोष्ट वेगळी, पण सरकारी पैशानं चालणाऱ्या म्युझियमनं मुदतीच्या कायद्यामागे लपू नये.

परत मिळालं की लगेच विकतात. शेवटी पैशासाठीच ना?

व्हिएन्नाच्या अ‍ॅडेल ब्लॉख-बाऊअरच्या, क्लिम्टनं काढलेल्या सोनेरी चित्रावरून हे फार बोललं गेलं. तिची भाची मारिया आल्टमन, वय ८० च्या पुढे, सुरुवातीला चित्रं ऑस्ट्रियात राहू देऊन तोडगा काढायला तयार होत्या, कोणी दाद दिली नाही. व्हिएन्नात दावा लावायचा तर कोर्ट फी चित्रांच्या किमतीच्या प्रमाणात, म्हणजे लाखो डॉलर. म्हणून अमेरिकेत गेल्या, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकल्या, २००६ मध्ये लवादानं पाच क्लिम्ट परत दिले. मग सोनेरी चित्र विकलं, १३ कोटी ५० लाख डॉलरला अशी बातमी होती, पण कायम लोकांना बघायला ठेवायचं ह्या अटीवर, आणि ते आज न्यूयॉर्कच्या नॉय गॅलरीत आहे. एका चित्राचे पाच वारस असले तर ते कापून वाटणार का? विमा, सुरक्षा, वकिलाची फी कुठून भरणार? आणि मुळात माझी वस्तू मी विकीन नाहीतर माळ्यावर टाकीन, चोरानं त्यावर बोलायचं कारण नाही. ह्याच मारियांना लग्नात अ‍ॅडेलचा हिऱ्यांचा हार मिळाला होता, तो नाझींनी नेला आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे बड्या नाझी नेत्याच्या, गोरिंगच्या, बायकोच्या गळ्यात गेला. तो कधीच परत आला नाही, आणि त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

वारसच नसेल तर वस्तू कोणाची?

वारस नाही तर सरकारजमा, असा बहुतेक देशांचा नियम, पण इथे वारस का नाही ते बघितलं तर तो नियम लावणं म्हणजे खून पाडणाऱ्यालाच वारसा देणं. म्हणून युद्धानंतर ज्यू संघटनांना वारसदार मानलं, ऑफेनबाखची सुमारे ५ लाख बेवारस पुस्तकं इस्राएल, अमेरिका वगैरे ठिकाणच्या ग्रंथालयांत गेली, आणि हे वाटप करणाऱ्या ज्यू संस्थेचं काम बघायला विचारवंत हाना आरेण्ट होत्या. ऑस्ट्रियानं मात्र अशा वस्तू माउअरबाखच्या मठात कित्येक वर्षं पाडून ठेवल्या, शेवटी १९९६ मध्ये लिलाव करून पैसे पीडितांसाठी दिले.

आपल्याकडच्या ज्यूंचं असं काही झालं का?

नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांवर इथे असा छळ कधी झाला नाही. पण मुंबईचा संबंध आहे, तो निर्वासितांमुळे. १९३४ मध्येच मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन निघाली होती. ऑल इंडिया रेडिओची ती सकाळची धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमन त्याच वर्षी मुंबईत आले. व्हिएन्नाचे श्लेसिंजर, बर्लिनचे रुडॉल्फ फॉन लायडन, ज्यू पत्नीबरोबर आलेले चित्रकार लँगहॅमर, ह्या मंडळींनी हुसेन-रझांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या चित्रकारांना हात दिला, म्हणजे तिकडे घरदार सोडून आलेल्यांनी इकडे नव्यानं चित्रं विकत घेतली.

मग वाघनखं, तलवारी, ते पण ह्यातच येतं का?

भावना तीच, केस वेगळी. वाघनखं जुलै २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर, रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारनं लिलावात पैसे मोजून घेतली. दोन्हीत परत देणं झालेलं नाही. वर लिहिलंय ते नियम १९३३ ते १९४५ च्या छळापुरते आणि मुख्यतः कुटुंबांसाठी आहेत, साम्राज्याच्या लुटीला ते लागू नाहीत. लागावेत का ह्यावर वेगळं लिहावं लागेल.

मी जर्मनीत राहतो, जुन्या बाजारातून चांदी-पुस्तकं घेतो. त्यात असं काही निघालं तर?

निघू शकतं, लुटलेलं घरसामान तेव्हा हॅम्बुर्गसारख्या शहरात जाहीर लिलावात साध्या लोकांनीच घेतलंय आणि त्यांच्या नातवंडांची घरं आता रिकामी होतायत. हिब्रू अक्षरं, कोरलेलं नाव किंवा आद्याक्षरं, लग्नाची तारीख, पुस्तकात मालकाचं लेबल, तळाला नंबरचा कागद असेल तर आधी फोटो काढा आणि पॉलिश करू नका, कागद तर अजिबात खरवडू नका. मग माग्डेबुर्गच्या जर्मन लॉस्ट आर्ट फाउंडेशनचा डेटाबेस फुकट बघता येतो, तिथे नाव टाका. काही सापडलं नाही तरी गावातल्या म्युझियमला मेल करा, मालकीचा माग काढणारं माणूस आता बऱ्याच ठिकाणी असतं. खाजगी माणसावर परत द्यायची कायद्यानं सक्ती नाही, २०२५ मध्ये जर्मनीत जुन्या समितीच्या जागी जो लवाद आला तोही मुख्यतः सरकारी संस्थांसाठी आहे, त्यामुळे पोलीस दारात येतील अशी भीती नको. ठेवायचं की द्यायचं ते तुम्हीच ठरवायचं, फक्त विकण्याआधी हे सगळं करा, कारण एकदा ते ऑनलाइन कोणालातरी गेलं की नाव परत शोधणं जवळजवळ अशक्य.